चौथी पायरी कोरडी

७ फेब्रुवारी

दादा,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून काहीतरी वाईट घडलं असेल असं समजून चष्मा शोधत धावू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्याशी कुरकुरतात, बाकी कोणाला त्रास नाही.

वहिनीने तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मला पाठवली. तुला न विचारता. तिला एक शब्द बोललास तर मला कळेल, कारण ती मला दर मंगळवारी फोन करते. हेही तुला माहीत नव्हतं ना? सहा वर्षं अबोला फक्त आपल्या दोघांत होता. बाकी सगळं घर माझ्याशी व्यवस्थित बोलत होतं.

दीडशे पानं खर्च करून तू सिद्ध केलंस की आपल्या ग्रंथात जे जे लिहिलंय ते तसंच्या तसं घडलं. राजा नऊशे वर्षं जगला म्हणजे जगला. चाळीस वर्षं तू गणित शिकवलंस. एखाद्या पोराने उदाहरण सोडवून माणसाचं वय नऊशे काढलं असतं तर त्याचं काय केलं असतंस? पान अठ्ठ्याऐंशीवर महापूर आहे, डोंगर बुडवणारा. एवढं पाणी आलं कुठून आणि ओसरून गेलं कुठे, हे आमच्या नदीमोजणीच्या कचेरीत काल लागलेल्या शिपायानेही विचारलं असतं. तू विचारत नाहीस. तू पुढच्या पानावर जातोस.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एकच सिस्टर धर्मग्रंथही शिकवायच्या आणि भूगोलही. त्यांचा ग्रंथ वेगळा, पण पूर त्यातही होता. मी एकदा भूगोलाच्या पेपरात तो पूर लिहिला. त्यांनी शून्य दिलं आणि म्हणाल्या, "ह्या वहीतलं त्या वहीत आणायचं नाही." तुझं सगळं पुस्तक म्हणजे ह्या वहीतलं त्या वहीत आहे.

पान एक्क्याण्णव मात्र पाहिलं. आईची मोठ्या पुरातली गोष्ट तू घेतली होतीस: तू नोकरीच्या गावी, बाबा वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले, आणि आई एकटी. पाणी जिन्यावर चढायला लागलं तेव्हा ती ग्रंथ घेऊन चौथ्या पायरीवर बसली आणि मोठ्याने वाचत राहिली. तिसरी पायरी बुडाली. चार वाजता पाणी थांबलं. चौथी पायरी कोरडी.

आणि मग निळ्या शाईने सबंध पानावर काट मारून तू समासात लिहिलंस, "बहिणीच्या नोंदवहीप्रमाणे पाणी सातव्या पायरीपर्यंत होते. तिची नोंद चुकीची असणार नाही. वगळावे."

योग्य केलंस. निदान एका पानावर तरी तुझी अक्कल शाबूत आहे.

वहिनी म्हणते छापखानेवाल्याने महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर नऊशे वर्षांच्या राजाचं काहीतरी बघ.

तुझी धाकटी बहीण


१२ फेब्रुवारी

दादा,

उत्तराची वाट पाहत नव्हते. सहज लिहिते आहे.

मी इथे मजेत आहे, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. सकाळी गॅलरीत ऊन येतं, ते साडेदहापर्यंत माझं. समोरच्या इमारतीतल्या रिटायर्ड नर्सबाई त्यांच्या गॅलरीत येतात आणि आम्ही रस्त्याच्या ह्या बाजूने त्या बाजूला एकमेकींचं शब्दकोडं सोडवतो. खाली भाजीवाल्याला पाठ झालंय, "नर्सबाई, उभा सात, चार अक्षरी." परवा त्यानेच उत्तर दिलं. बरोबर होतं, म्हणून आम्हा दोघींना राग आला.

रविवारी तुझी लेक आली होती. माझ्याच कचेरीत लागली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता तिला काम दिलंय जुन्या नोंदवह्या संगणकात चढवायचं. चहा ओतल्यावर लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली, "आत्या, हा मोठा पूर. तुझं अक्षर आहे."

"अक्षर ओळखता येतंय म्हणजे चांगलं असणार."

"हे तीन दिवस बघ ना. बाकी सगळीकडे पाणी वर जातं, अडकतं, जरा उतरतं, परत उसळतं. ह्या तीन दिवसांत बघ कसं. जिना चढल्यासारखं. आणि उतरलंही तसंच."

"मग?"

"खरी नदी अशी चढत नाही गं."

"तेव्हाच्या नद्यांना शिस्त होती," मी म्हटलं.

ती हसली नाही. खालच्या पुलावरच्या मोजणीवाल्याची वही तिला सापडली आहे. पानं भिजलेली, आकडे वेडेवाकडे, मध्येच कडेला "छत्री गेली" असं लिहिलंय. त्याच्या पुलावर पाणी सगळ्यात वर गेलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता. त्यानंतर चढलं नाही. दोन्ही पुलांच्या पातळीत नेहमी जो फरक असतो तो धरून तिने आपल्या गल्लीचा हिशेब काढलाय.

"कितवी पायरी येते विचारणार नाहीस?" ती म्हणाली.

मी म्हटलं, चहा गार होतोय. तिने "बरं" म्हटलं. अगदी तुझ्यासारखं "बरं" म्हणते, ज्याचा अर्थ मुळीच बरं नाही असा असतो.

तेव्हा पान एक्क्याण्णव काढायची घाई करू नकोस. गोष्ट राहिली तरी काही बिघडत नाही, असं मला आता वाटतं. वाचकांना आवडेल.

तुझी बहीण


१५ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. "वाचकांना आवडेल" असं मी लिहिलं, ह्याची मला लाज वाटते.

आता सरळ सांगते. ती तीन दिवसांची नोंद मी बनवली आहे. पाणी सातव्या पायरीपर्यंत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

मला पुलावर असायचं होतं. खांबावर पट्टी रंगवलेली होती, दर तासाला लोखंडी शिडीने खाली उतरून आकडा वाचायचा आणि वर येऊन लिहायचा. पहिल्या दिवशी सकाळी नऊचा आकडा मी वाचला. दहाला शिडीवर पाय ठेवला आणि शिडी हलत होती. वाऱ्याने नव्हे. सगळा पूल आतून गुरगुरत होता. मी पाय काढून घेतला. वही कोटात घातली, आणि चालत चालत टेकडीवरच्या माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेत जाऊन वरच्या मजल्यावर बसले. सत्तावीस वर्षांची घोडी. तीन दिवस बसले. आई घरी, बाबा घरी, आणि मी तिथे. घराकडचा रस्ता पाण्याखाली होता हे खरं आहे. पण तो दुपारी बुडाला. सकाळी दहाला नव्हता.

चौथ्या दिवशी पुलावर गेले आणि तेव्हाची पातळी वाचली. दोन खरे आकडे हातात होते, आधीचा आणि नंतरचा. मधे सगळ्यात वर किती गेलं म्हणून एका नावाड्याला विचारलं, तो म्हणाला, "कमानीला टेकलं होतं बाई." तो स्वतः कुठे होता ते मी विचारलं नाही. कमानीची उंची, म्हणजे आपल्या जिन्याची सातवी पायरी, धरून मी एक छान रेघ काढली आणि रेघेवरून तासातासाचे आकडे उतरवले.

असं करायला आमच्यात परवानगी असते, दादा. एखादी नोंद चुकते, पट्टी वाहून जाते, माणूस आजारी पडतो. तेव्हा अंदाजाने भरतात. पण ते आकडे लाल शाईने लिहायचे आणि पुढे "अंदाजे" असा शेरा मारायचा, म्हणजे पुढच्याला कळतं की इथे नदी नाही, माणूस बोलतोय. लाल पेन माझ्या खिशात होतं. मी काळ्याने लिहिलं.

साहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, "तीन दिवस तुम्ही एकट्या पुलावर होतात?" मी मान हलवली. तेवढीच. पुढे खात्याने प्रशस्तिपत्र दिलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे साहेबांनाही खोटं पाडायचं. मग माझ्या आकड्यावरून पूररेषा ठरली आणि नदीकाठची भिंत बांधली गेली. ती गरजेपेक्षा चार पायऱ्या उंच आहे. त्याने कोणाचं नुकसान झालं नाही. नदी दिसत नाही, एवढंच. पंचेचाळीस वर्षं लोक खात्याला शिव्या देतात की एवढी भिंत कशाला, आणि मीही त्यांच्यात मिसळून दिल्या आहेत.

मी घरी पोचले तोवर आईने सगळा जिना घासून काढला होता. चिखलाची रेघ राहते, तीच तेवढा पुरावा असते, आणि तिने ती नारळाच्या काथ्याने खरवडून पुसून टाकली होती. ती "चौथी पायरी कोरडी" म्हणाली तेव्हा मी वहीवर विश्वास ठेवला. माझ्याच वहीवर. काही वर्षांनी मला खरंच वाटायला लागलं होतं की मी ते आकडे वाचलेत. शिडीचा गारवा हाताला आठवायचा.

वाचनालयात तुमच्या गुरुवारच्या मंडळाने भरवलेल्या आईच्या स्मरणसभेत तू ही गोष्ट सांगितलीस आणि म्हणालास, जसं हे आमच्या घरात घडलं तसंच ग्रंथातलंही घडलं. तेव्हा मी उठून काय बोलले ते तुला पाठ असेल. "पाणी सातव्या पायरीवर होतं. चौथ्या पायरीवर बसून वाचायला आमची आई मासा होती काय?" सगळे हसले. तू कागदाची घडी घातलीस आणि खाली बसलास. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, तेही लिहून टाकते.

तुझ्या लेकीला काल फोन करून विचारलं, कितवी पायरी. ती म्हणाली, "तिसरी बुडते आणि थांबतं. चौथी कोरडी."

आईचं पान परत घाल.

टाचणी

(तू ठेवलेलं नाव आहे, मीच वापरायचं ठरवलंय. दुसरं कोणी वापरलेलं मला चालणार नाही.)


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "मग सहा वर्षं मी कशावर विश्वास ठेवला? गुरुवारी वाचनालयात ये."

मला वाटलं होतं तू नाचशील. मी तयारी करून बसले होते, तू काय म्हणशील आणि त्यावर मी काय म्हणीन. आणि तू माझ्या वहीसाठी हळहळतोस. आईचं पान स्वतःच्या हाताने काटताना तुला काय वाटलं असेल, हे मी पहिल्या पत्रात विचारलं नाही, शाबासकी दिली. तुझ्या पुस्तकातल्या दीडशे पानांत तू फक्त एकदा पुराव्यापुढे मान तुकवलीस, आणि तो पुरावा माझा होता. मला हे पचत नाहीये. त्यापेक्षा चिडला असतास तर बरं झालं असतं.

येईन. ज्या लोकांसमोर बोलले त्यांच्यासमोरच मागे घ्यायला हवं. पण आधीच सांगून ठेवते, मी येते आहे ते ग्रंथ खरा ठरला असं जाहीर करायला नव्हे. आईचं खरं निघालं ते पाणी कुठवर आलं ह्याबद्दल. पाणी का थांबलं ते तुझ्या लेकीने शोधलंय. चारच्या सुमाराला वरच्या गावाचा बांध फुटला आणि नदी त्यांच्या शेतांत शिरली. आपला जिना वाचला तो त्यांची घरं गेली म्हणून. त्यांच्यातही कोणीतरी पायरीवर बसून वाचत असेल. हे पुस्तकात लिहिणार असशील तर लिही, नाहीतर तुझा इतिहास माझ्या वहीइतकाच खरा.

आणि मी ग्रंथाला खोटंही म्हणत नाही, एवढं ऐकून घे. आई खोटं बोलली नव्हती. पाणी किती, वेळ कुठली, तिने बरोबर सांगितलं, आणि कशामुळे, ते तिला जसं दिसलं तसं सांगितलं. ग्रंथ लिहिणारेही असेच कुठल्यातरी पायरीवर बसलेले असणार. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्याने नंतर सगळं काळ्या शाईने लिहिलं त्याच्याशी आहे. आणि तसं लिहिणारी एक मी, हे आता तुला कळलंच आहे, तेव्हा ह्या विषयावर मला अधिकार आहे असं समज.

सोमवारी कचेरीत जाऊन साहेबांना सगळं सांगून आले. साहेब म्हणजे चाळिशीचा पोरगा. तो घाबरला. "मॅडम, एवढ्या वर्षांनी कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, तुझी भिंत आहे, तू ठरव. वहीतल्या प्रत्येक बनवलेल्या आकड्याला लाल गोल करून खाली सही केली, त्या दिवसाची तारीख घालून. बाहत्तर गोल झाले. तुझी लेक शेजारी उभी राहून मोजत होती, कारण मी कमी करीन अशी तिला भीती होती.

गुरुवारी पहिल्या रांगेत बसेन. मागून मला ऐकू येत नाही.

टाचणी


२ मार्च

दादा,

परवा भेटलो, काल भेटलो, आणि तरी लिहिते आहे. समोर बोलायला लागले की तू मधेच तोंड घालतोस. कागदावर मला कोणी अडवत नाही.

परवा मी बोलून खाली बसले तेव्हा औषधवाले पहिल्यांदा म्हणाले, "म्हणजे ताई, तुमच्या आई मासा नव्हत्या तर." सगळे हसले, सहा वर्षांपूर्वी हसले होते तसेच. बरोबर त्याच माणसांनी हसावं हेच योग्य होतं. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काही झालं नाही. वहिनी मात्र हसली नाही. तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

मग पोस्टमास्तर उठले. "म्हणजे ग्रंथ खरा इतिहास आहे, हे आता सिद्ध झालं असं धरायचं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तूच म्हणालास, "नाही. आमच्या घरात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, एवढंच सिद्ध झालं." पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. वरच्या गावाच्या बांधाबद्दलही तूच सांगितलंस, आणि मी लिहिलं होतं त्याहून चांगलं. मला वाटलं, आता दादा शुद्धीवर आला. आणि बाहेर पडल्यावर चपला घालताना तू म्हणतोस, "पण महापूर झाला होता हं. तो वेगळा विषय आहे." तेव्हा कळलं, काही बदललेलं नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. आता ह्या वयात तू माझं सगळं मान्य करायला लागलास तर मी दर गुरुवारी तिथे येऊन काय करायचं?

आईच्या पानाच्या सुरुवातीला "आई म्हणायची" हे दोन शब्द घालायचं तू कबूल केलंस. महापुराच्या आधी "ग्रंथ म्हणतो" घालायला तयार नाहीस. त्यावर अजून बोलू. छापखानेवाल्याने आठ दिवस वाढवून दिलेत, तुझ्यामुळे नव्हे, त्याचं यंत्र बिघडलंय.

आता कालचं. आपल्या जुन्या घरात ज्या शिंपीणबाई राहतात त्यांनी दार उघडलं आणि आपण दोन म्हातारी माणसं "जिना बघायचाय" म्हणालो, तरी त्यांनी आत घेतलं, आपली मापाची पट्टीसुद्धा दिली. तुझी लेक असती तर तिने आपल्याकडून नीट मोजून घेतलं असतं. तू चौथ्या पायरीवर बसलास आणि मी खाली उभी राहून पट्टी धरली, आणि तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे आले. शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणाला कापड कापायला देणार नाही."

मग तू पायरीवरून विचारलंस, "तीन दिवस शाळेत काय केलंस गं?" मी म्हटलं, "काही नाही." तू "बरं" म्हणालास.

हे काही नाही ते आता लिहिते, कारण ते कुठल्याच वहीत नाही.

पहिला दिवस मी रडले, आणि कोणाला दिसू नये म्हणून फळ्याकडे तोंड करून बसले. वर्गात चाळीसेक माणसं होती, सगळी खालच्या वस्तीतली. त्यांना वाटलं माझं कोणीतरी गेलंय. एका धोबिणीने मला तिचं घोंगडं दिलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला पातेली घासायला लावली. दुपारी कंटाळा यायला लागला, मुलं किरकिरायला लागली, तेव्हा त्यांनी आपला ग्रंथ काढला आणि पुराची गोष्ट वाचायला घेतली. खिडकीबाहेर नदी, आणि वर्गात पुराची गोष्ट. मला वाटलं ही बाई वेडी आहे का.

पण एकही माणूस हलला नाही. पाऊस किती दिवस पडला ते सिस्टरांनी वाचलं, तेव्हा धोबीण बोटांवर मोजायला लागली, आपल्याला किती दिवस झाले ते. मग तिने विचारलं, "आणि ओसरलं का?"

"पुढे आहे," सिस्टर म्हणाल्या.

"पुढे काय, आधी ते सांगा. ओसरलं की नाही?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू वाच, तुझा आवाज मोठा आहे."

शून्य देणाऱ्या त्याच सिस्टर. मी वाचलं. खाली पुलावर चारचा आकडा वाचायला कोणी नव्हतं, घरी आई चौथ्या पायरीवर बसून वाचत होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी वाचत होते, आणि पाणी उतरल्याचं वाक्य आलं तेव्हा ते मी दोनदा वाचलं, कारण धोबिणीने सांगितलं, "परत एकदा."

टाचणी